डबा, धक्का आणि क्रम : मॉडेल रेल्वेतील शंटिंगचे विवेचन

मॉडेल रेल्वेच्या मालडब्याची चर्चा बहुधा त्याच्या रूपावरच संपते. फळ्यांच्या फटी नीट उतरल्यात का, रंग त्या काळचा आहे का, कंपनीची अक्षरे योग्य जागी आहेत का. काचेच्या कपाटात ठेवायच्या डब्याला एवढी पारख पुरते. पण तोच डबा रुळावर उभा करून त्याच्याकडून मालयार्डातले काम करून घ्यायचे ठरवले, तर कसोटी बदलते. शंटिंग म्हणजे डबे सोडवणे, ढकलणे, थांबवणे आणि हव्या त्या क्रमाने पुन्हा जोडणे. त्यात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: डब्याचा आकार, त्याला मिळणारा धक्का आणि इतर डब्यांमधले त्याचे स्थान. यांपैकी आकार बऱ्याच अंशी लहान करता येतो. धक्का जवळजवळ येतच नाही. क्रम मात्र काहीही न गमावता टेबलावर उतरतो. म्हणून शंटिंगसाठी मॉडेल मांडणाऱ्याने आधी क्रमाचा विचार करावा आणि रंगाचा नंतर, असे माझे मत आहे. छंदाच्या मासिकांत हा अग्रक्रम नेमका उलटा दिसतो.

विवेचनासाठी ब्रिटनमधले १९०० ते १९६० या काळातले छोटे, एखाद्या खेड्याच्या स्टेशनाजवळचे मालयार्ड घेतो, आणि त्याचे मॉडेल ‘ओओ’ प्रमाणातले, म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, सुमारे १:७६. जुन्या जीआयपी रेल्वेच्या मालधक्क्यावर, साइडिंगमध्ये आणि सांधेवाल्याच्या हातात जी पद्धत होती ती मूळची तिथलीच. पण यार्डाची मांडणी अशीच का, याचे उत्तर शोधायचे तर ब्रिटनमध्येच जावे लागते. ते उत्तर स्थापत्यापेक्षा कायद्यात अधिक सापडते.

यार्ड असे का होते

पहिले कारण म्हणजे माल नाकारण्याची मुभाच नव्हती. रेल्वे कंपन्या ‘कॉमन कॅरियर’ मानल्या जात, म्हणजे कोणी वाजवी माल घेऊन आला तर तो वाहून न्यायचा. हे बंधन १९६२च्या वाहतूक कायद्याने पूर्ण सुटले. तोपर्यंत छोट्याशा स्टेशनातही कोळसा, गुरे, पेंड, पेट्यांतला किराणा माल आणि शेतीची अवजारे यायची, आणि प्रत्येकाची उतरण्याची जागा निराळी असायची. कोळशाचा डबा मागच्या साइडिंगला, कोळसा व्यापाऱ्याच्या बखळीसमोर. बंद डबा मालधक्क्याच्या छपराखाली. गुरांचा डबा कुंपण घातलेल्या फलाटाशी. गाडीत डबा कितवा आहे याला महत्त्व आले ते यामुळे. एकाच जातीचा माल घेऊन अख्खी गाडी आली असती, तर शंटिंग म्हणावे असे फारसे काही उरले नसते. आज भारतात बॉक्सएन वाघिणींचा पूर्ण रेक थेट वीजकेंद्रात जातो, तेव्हा हेच घडते.

दुसरे कारण सांध्याचे. मुख्य रुळावर समोरून येणाऱ्या गाडीला ज्याचे पाते आधी लागते तो सांधा धोक्याचा, कारण पाते अर्धवट सरकलेले असेल तर चाके दोन दिशांना जातात. व्यापार मंडळाचे तपासणी अधिकारी असे सांधे शक्यतो टाळायला लावत, आणि जिथे ते टाळता येत नसत तिथे कुलूप बसवायला लावत. सिग्नल आणि सांधे परस्परांत अडकवण्याची सक्ती १८८९च्या कायद्याने झाली. परिणामी दुहेरी मार्गावरचे बहुतेक यार्ड असे जोडलेले असे, की मालगाडीने सांधा ओलांडून पुढे जायचे, थांबायचे आणि मग मागे ढकलत आत शिरायचे. एकेरी मार्गावर कोणताही सांधा एका दिशेने ‘समोरचा’ असतोच. त्यामुळे ज्या दिशेने जाताना आत शिरणे सोपे, त्याच दिशेची गाडी त्या स्टेशनाचे डबे सोडायची. उलट दिशेने आलेले डबे पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत जाऊन तिथून परतायचे. यार्डातून बाहेर पडणाऱ्या रुळावर एक फसवा सांधा असे. एखादा डबा मोकाट सुटलाच, तर मुख्य मार्गावर जाण्याऐवजी तो तिथेच रुळावरून उतरावा यासाठी. मॉडेलमध्ये हा फसवा सांधा बहुतेक जण विसरतात. तो हलता नसला तरी चालेल, पण दिसायला हवा. त्याच्याशिवाय यार्ड एखाद्या खेळण्यासारखे दिसते.

तिसरे कारण मालकीचे. कोळशाच्या खाणी, व्यापारी आणि कारखाने यांचे स्वतःचे डबे असत. १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सरकारने ते एकत्र केले, तेव्हा अशा खाजगी डब्यांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. प्रत्येकाच्या अंगावर मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असे. कोळसा उतरला की रिकामा डबा त्याच मालकाकडे परत पाठवायचा. हा मुद्दा पुढे मोजणीत महत्त्वाचा ठरेल.

चौथे कारण जोडणीचे. अमेरिकेत १८९३च्या कायद्याने आपोआप जुळणारी कपलिंग सक्तीची झाली. ब्रिटनमधला साधा मालडबा मात्र तीन कड्यांच्या साखळीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तगला. त्याला इंजिनातून लागणारा ब्रेक नव्हता. डब्याच्या बाजूला एक लांब दांडा असे, तो खाली दाबून डबा अडकवायचा. शंटरकडे सुमारे सहा फुटांची लाकडी काठी आणि तिच्या टोकाला पिळदार लोखंडी आकडा असे. काठी बफरवर टेकवून तिचा तरफेसारखा उपयोग करायचा, कडी उचलायची आणि हुकातून काढायची. सराईत माणूस हे चालत्या डब्यांवर करायचा. दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागत नाही, हा या काठीचा मोठा गुण. स्क्रू कपलिंग असलेल्या डब्यांना तो लागू नव्हता, तिथे खाली वाकून आत जावेच लागे. या कामात माणसे मरत आणि जायबंदी होत, म्हणून १९००मध्ये रेल्वे कामगारांच्या अपघातांविषयी स्वतंत्र कायदा झाला. डब्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचा दांडा असावा, हा आग्रह त्यानंतरचा.

दोन पद्धती इथे नीट वेगळ्या करायला हव्यात. लूज शंटिंगमध्ये इंजिन डबे ढकलते आणि थांबते. सोडवलेले डबे आपल्याच वेगाने पुढे जातात, शंटर बाजूने धावत जाऊन दांडा दाबतो. फ्लाय शंटिंग याहून धाडसाचे. इंजिन डबे ओढत असतानाच साखळी सोडवायची, इंजिन जोरात पुढे पळवायचे, ते सांध्यावरून गेले की मधल्या क्षणात सांधा फिरवायचा आणि मागून येणारा डबा दुसऱ्या रुळावर घालायचा. नियमपुस्तकांना हे मान्य नव्हते, पण इंजिन डब्याच्या चुकीच्या बाजूला अडकले असेल तर मोह होणारच. जिथे इंजिन दिवसातून एकदाच यायचे, तिथे मधल्या वेळात घोडा डबे ओढायचा. ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा शंटिंग घोडा, चार्ली, न्यूमार्केटला होता आणि तो १९६७मध्ये निवृत्त झाला. म्हणजे डिझेल इंजिने रुळली तरी घोडा होता.

आकार

लांबीचे गणित सोपे आहे. ब्रिटिश रेल्वेचा १६ टनी कोळशाचा पोलादी डबा बफर धरून सुमारे साडेएकोणीस फूट, म्हणजे मॉडेलमध्ये ७८ मिलिमीटर. ओओच्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर. प्रमाणाने हिशेब केला तर ती १८.८३ हवी. मूळचा चार फूट साडेआठ इंचाचा मार्ग ओओमध्ये चार फूट दीड इंचाचा होतो. या फरकावर वर्षानुवर्षे वाद झाले आणि त्यातून ईएम व पी-फोर ही मापे निघाली. शंटिंगच्या दृष्टीने मला हा वाद दुय्यम वाटतो. समोरून पाहताना तो खटकतो, कामात अडवत नाही.

खरी अडचण वळणाची. खेळण्याच्या संचातले दुसऱ्या क्रमांकाचे वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे. त्याचे प्रत्यक्षातले माप होते सुमारे ३३.४ मीटर. एवढ्या आवळलेल्या वळणावर खऱ्यासारखे जवळजवळ असलेले बफर एकमेकांत अडकतात आणि डबा रुळावरून उचलला जातो. म्हणून डबे लांब ठेवणारी जोडणी लागते. ट्राय-अँग कंपनीने आणलेली आणि पुढे ब्रिटनमध्ये सर्वत्र रूढ झालेली टेन्शन-लॉक कपलिंग, तो रुंद आकडा आणि आडवी पट्टी, याच गरजेतून टिकली. तिला कुरूप म्हणून नावे ठेवणारे बहुतेक जण रुळाचे वळण बदलायला तयार नसतात.

टेन्शन-लॉकचा खरा दोष रूपाचा नसून कामाचा आहे. ती ओढीत घट्ट राहते. सोडवायची तर रुळांमधल्या उतरत्या पट्टीवर डबा आणून थोडा सैल करावा लागतो, म्हणजे आकडे वर उचलले जातात. पण पट्टीच्या पुढे ढकलायला गेलो, की ती पुन्हा जुळते. त्यामुळे डबा सोडायचा तो पट्टीपाशीच. काठीवाला शंटर यार्डात कुठेही डबा सोडवू शकत होता. अमेरिकेतल्या केडी कपलिंगने हा गुण अंशतः परत आणला. चुंबकावर तिची बोटे उघडतात आणि बाजूला सरकून राहतात, मग उघड्या अवस्थेत डबा पुढे कुठेही ढकलून ठेवता येतो. ब्रिटिश मालडब्यावर ती दिसायला परकी आहे. तरी शंटिंगपुरते सांगायचे तर चुकीच्या देशाची ही कपलिंग बरोबर देशाच्या पट्टीपेक्षा काठीच्या जवळ जाते. तीन कड्यांची खरी साखळी लावणाऱ्यांचे प्रकरण वेगळे. वाकवलेली तार छोट्या टॉर्चला बांधून ते एकेक कडी उचलतात. ही काठीची हुबेहूब नक्कल आहे आणि अर्ध्या तासात पाठ दुखू लागते.

धक्का

आता मुख्य अडचण. मॉडेलमधला डबा ढकलून सोडला की तो जवळजवळ जागच्या जागी थांबतो. याचा दोष सहसा बेअरिंगला दिला जातो. टोकदार धुरा आणि पितळी वाट्या बसवल्या तर सुधारणा होते, हे खरे. पण बेअरिंग निर्दोष असले तरी प्रश्न सुटत नाही, कारण अडथळा घर्षणाचा नसून मापांचा आहे.

समजा, खरा डबा ताशी ५ मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर वेगाने सोडला, आणि त्याला होणारा रोध वजनाच्या तीन सहस्रांश आहे. असा डबा सुमारे ८५ मीटर जाऊन थांबेल. मॉडेलमध्ये हे अंतर १.१ मीटर दिसायला हवे. पण मॉडेलचा डबा प्रमाणाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जेमतेम २.९ सेंटिमीटर वेगाने सोडला आणि रोधही तीन सहस्रांशच धरला, तर तो दीड सेंटिमीटरवर थांबतो. अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, लांबी मात्र एकपट घटते. त्यामुळे डबा असायला हवा त्याच्या शहात्तराव्या हिश्शाएवढाच जातो. छोट्या चाकांचा रोध त्याहून बराच जास्त असल्याने प्रत्यक्षात दोन-चार मिलिमीटरच उरतात. कारण एकच, गुरुत्वाकर्षण कोणी लहान केलेले नाही. जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहणाऱ्या विल्यम फ्रूडने एकोणिसाव्या शतकात हाच पेच लक्षात घेऊन प्रतिकृतीचा वेग मापाच्या वर्गमुळाने कमी करावा असा नियम मांडला. तो लावला तर डबा १.१ मीटर जाईल, पण पाहणाऱ्याला तो ताशी ४४ मैलांनी सुटल्यासारखा दिसेल.

वजनाचा मुद्दाही यालाच जोडून येतो. घनफळाच्या हिशेबाने ओओचा डबा खऱ्याच्या सुमारे ४ लाख ४२ हजाराव्या भागाइतका जड हवा. सात टनांचा रिकामा डबा १६ ग्रॅमचा होईल, आणि भरलेला, तेवीस टनांचा, ५३ ग्रॅमचा. सांध्यावरून न घसरता जाण्यासाठी मॉडेलकार दर धुरीमागे २५ ग्रॅम, म्हणजे चार चाकांच्या डब्याला ५० ग्रॅम ठेवावेत असे सांगतात. हा अनुभवाचा आकडा भरलेल्या डब्याच्या हिशेबाला आश्चर्यकारकरीत्या जुळतो. रिकामा डबा खरोखर रिकाम्याएवढा हलका केला, तर तो मागे ढकलताना सांध्यावर उडी मारतो.

म्हणजे लूज शंटिंग आणि फ्लाय शंटिंग, यार्डातल्या सगळ्यात देखण्या हालचाली, मॉडेलमधून हद्दपारच आहेत. इंजिनात बसवलेल्या डीसीसी (डिजिटल नियंत्रण) डिकोडरमध्ये इंजिनाची जडता हवी तेवढी भरता येते, इंजिन डुलत डुलत वेग घेते. पण डब्यात मोटार नाही, म्हणून त्याची जडता खोटी करता येत नाही. हंप यार्डाची, म्हणजे टेकाडावरून डबे सोडून वर्गवारी करणाऱ्या यार्डाची, स्थिती याहून अवघड. व्हाइटमूर येथे १९२९ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा हायड्रॉलिक रिटार्डर बसवले गेले, कारण टेकाडावरून उतरणाऱ्या डब्यांना आवरायचे होते. मॉडेलमध्ये उलट होते. टेकाड एवढे उभे करावे लागते की डबे उतरतात ते उधळल्यासारखे. मोठ्या यार्डांची नक्कल करायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रम

उरतो तो क्रम. इथे मॉडेल खऱ्या यार्डाच्या बरोबरीने उभे राहते, कारण पाच डबे कोणत्या ओळीत उभे आहेत या प्रश्नाला माप नसते. अॅलन राइट यांनी नॉर्थम्बरलंडमधल्या किलहॅमच्या साइडिंगवरून ‘इंगलनुक साइडिंग्ज’ हे कोडे रचले. त्यात तीन रूळ: एकावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. सांध्यांपुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन डबे मावतात. डबे एकूण आठ, जागा अकरा, म्हणजे तीन जागा मोकळ्या. चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेले पाच डबे त्याच क्रमाने लांब रुळावर लावायचे. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात. फळीएवढ्या जागेत एवढे कोडे बसते, त्यामुळे ते लोकप्रिय होणे साहजिकच.

डब्याची लांबी इथे पुन्हा महत्त्वाची ठरते. पाच डब्यांच्या रुळावर साडेचारच मावले, किंवा पुढच्या तुकड्यावर चार मावले, तर कोडे एक तर सुटत नाही, नाही तर पोरकट होते. म्हणून या यार्डात लांबीची शिस्त रंगापेक्षा मोठी. वेगळ्या लांबीचा एक देखणा टाकीचा डबा आणून ठेवला, की सगळा खेळ बिघडतो.

जॉन अॅलन यांचे ‘टाइमसेव्हर’ अमेरिकेत १९७२मध्ये प्रसिद्ध झाले. ते शर्यतीसाठीच रचलेले होते. त्यातली रुळांची गुंतागुंत कोणत्याही अभियंत्याने खर्च करून बांधली नसती. कोडे म्हणून चांगले, यार्ड म्हणून नाही. इंगलनुकवरही माझा आक्षेप आहे, पण तो सौम्य. खरा शंटर पाच डबे अमुकच ओळीत लावत बसत नसे. तो गट लावायचा. वाटेतल्या पहिल्या स्टेशनाचे डबे इंजिनाला लागून, दुसऱ्याचे त्यामागे, शेवटी ब्रेकव्हॅन. पाच डब्यांपैकी दोन एका स्टेशनाचे आणि तीन दुसऱ्याचे असतील, तर त्यांच्या १२० ओळींपैकी १२ ओळी त्याला चालतात. चिठ्ठ्यांचे कोडे खऱ्या कामापेक्षा दहापट हट्टी आहे. खरेपणा हवा असेल तर चिठ्ठीवर डब्याचा क्रमांक लिहू नये, जायचे ठिकाण लिहावे.

ब्रेकव्हॅनची मात्र उपेक्षा होते. कोड्यात ती धरतच नाहीत. खऱ्या यार्डात गार्डाचा डबा प्रथम बाजूला काढायचा, मग शंटिंग करायचे, आणि निघताना तो पुन्हा शेवटी, मागचा दिवा लावून. एवढी एक अट घातली तर तीन मोकळ्या जागांपैकी एक अडते आणि प्रत्येक चाल बदलते.

आता मालकीकडे परत येतो. समजा, आठ डब्यांपैकी पाच रिकामे कोळशाचे आहेत आणि तीन निरनिराळे: एक बंद, एक गुरांचा, एक उघडा. १९३८ साली त्या पाचांवर पाच मालकांची नावे असतील आणि प्रत्येकाला आपापल्या खाणीकडे जायचे असेल. पाच डब्यांच्या ओळी ६,७२०. त्यानंतरच्या वर्षी डबे एकत्र झाले, कोणताही रिकामा डबा कोणत्याही खाणीला चालू लागला. पाच कोळशाचे डबे आता एकसारखेच, त्यामुळे ओळी उरतात फक्त १३६. कागदावरच्या एका सरकारी निर्णयाने शंटरचे काम किती हलके केले, हे याहून नेमके दाखवता येत नाही. भरलेल्या डब्यांबाबत तसे होत नाही, कारण त्यांना घेणारा व्यापारी ठरलेला असतो.

म्हणून मॉडेलसाठी वर्ष निवडताना फक्त रंगसंगती बघू नये. १९३५चे यार्ड मांडले तर खाजगी डब्यांवरची रंगीत अक्षरे मिळतात आणि त्यांच्याबरोबर परतीच्या रिकाम्या डब्यांची सगळी किचकट वर्गवारीही. १९५०चे मांडले तर एकसारखे करडे १६ टनी डबे, ज्यांची चित्रे काढायला कोणी धजणार नाही, पण खेळ पटापट चालतो. दुकानातून सुंदर रंगीत खाजगी डबे घ्यायचे आणि त्यांना वाटेल त्या दिशेने पाठवायचे, हा सर्रास चालणारा प्रकार मात्र दोन्ही वर्षांत बसत नाही.